सोळा खांब, सात आया

"सी-वनचं सी-टू करून द्या ना मॅडम. एका आकड्याचा तर प्रश्न आहे."

सकाळी साडेआठला निलिमाताई माझ्या दारात उभ्या होत्या. हातात पालिकेची नोटीस. त्या माझ्याच सोसायटीत राहतात. आयुष्यभर नर्स होत्या, आता रिटायर आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कढीपत्त्याशिवाय काही मागितलेलं नव्हतं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इमारत दिसेल कशी ते आर्किटेक्ट ठरवतो, ती उभी कशी राहील ते आम्ही ठरवतो. गेली बरीच वर्षं माझं काम नव्या इमारतींपेक्षा जुन्यांचंच. इमारतीला तीस वर्षं झाली की तिचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. चाळिशीनंतर आपण बॉडी चेकअप करून घेतो तसंच हे. तपासणीच्या शेवटी इमारतीला एक श्रेणी मिळते. सी-वन म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा आणि पाडा. सी-टू-ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा. सी-टू-बी म्हणजे माणसं आत राहत असताना दुरुस्ती चालेल. सी-थ्री म्हणजे किरकोळ डागडुजी. तेव्हा प्रश्न एका आकड्याचा आहे हे ताईंचं म्हणणं खरंच होतं. फक्त त्या आकड्याखाली माझी सही असते.

"ताई, आकडा मी नाही ठरवत. इमारत ठरवते."

"मग इमारतीला विचारा. पण लवकर विचारा. दहा दिवस राहिलेत."

ही इमारत डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. तळमजला अधिक दोन. खाली मालकाची दोन बंद गोदामं. वरच्या दोन मजल्यांवर निलिमाताईंच्या ट्रस्टचं घर. व्यसनमुक्ती केंद्रातून बऱ्या होऊन बाहेर पडलेल्या बायका आपल्या मुलांसह तिथे राहतात. दिवसा कामाला जातात, संध्याकाळी एकत्र बसून बोलतात, आणि वर्ष-दीड वर्षात स्वतःच्या भाड्याच्या खोलीत जातात. त्या वेळी तिथे सात आया आणि अकरा मुलं होती.

"केंद्रातून सुटलेल्या पुरुषाला खोली मिळते," निलिमाताई वाटेत म्हणाल्या. "सुधारला बिचारा, म्हणतात. बाईला कोणी देत नाही. पिणारी बाई म्हटलं की संपलं. मग ती जाते कुठे? जिथे बाटली हातात आली होती, त्याच घरात परत."

मालक भोईर काका शेजारच्या बैठ्या घरात राहतात. वय सत्तरीच्या पुढे. मला पाहताच त्यांनी सुरुवात केली.

"माजं काय चुकलं बाय? पालिकेनं कागद धाडला, मी इंजिनेर बोलवला. त्यानं लिवलंय पाडा. उद्या पोरं दबली तं मी कोनाला तोंड दाखवू?"

मला वाटलं होतं मालकाला जागा बिल्डरला द्यायची असेल. तसं नव्हतं. म्हातारा खरोखर घाबरलेला होता.

मी आधीचा रिपोर्ट वाचला. बारा फोटो, टेस्ट एकही नाही. गळणाऱ्या संडासाचे, पोपडे निघालेल्या छताचे, बाहेर डोकावणाऱ्या गंजक्या सळ्यांचे फोटो. ते इंजिनिअर अर्धा तास येऊन गेल्याचं काका म्हणाले. मी त्यांना फार दोष देत नाही. सावध माणूस असंच लिहितो. सी-वन लिहिल्याबद्दल आजवर कोणी तुरुंगात गेलेलं नाही.

पण फोटोतली सगळी पडझड मागच्या बाजूला, संडास-बाथरूमच्या ओळीत होती. पुढच्या भागाचा एकही फोटो नव्हता. मला तिथे पहिल्यांदा थोडी आशा वाटली.

वर गेले तर सातही बायका पुढच्या मोठ्या खोलीत बसलेल्या. त्यांना मी डॉक्टर वाटत होते. तेही ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेली. निलिमाताईंनी ओळख करून दिली आणि पुन्हा तेच म्हणाल्या, "मॅडम काहीतरी मार्ग काढतील. थोडं सांभाळून लिहितील."

कोपऱ्यात बसलेली एक काळीसावळी, हडकुळी बाई उभी राहिली.

"खोटं नका लिहू बाई," ती म्हणाली. "माझी लेकरं आत निजत्यात."

ही मंगल. जालन्याकडची. टिटवाळ्याला नवीन इमारतींच्या साइटवर बिगारी म्हणून तिने कित्येक वर्षं घमेली उचललेली. नवरा गवंडी होता, तो वारला. पाठदुखीवर औषध म्हणून दोघं संध्याकाळी घ्यायचे. तो गेल्यावर ती सकाळीही घ्यायला लागली. मुलगी पूजा नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. मधल्या काळात दोघंही बालगृहात होती. मंगलने अकरा महिने थेंबाला हात लावलेला नव्हता. बालकल्याण समितीने चार महिन्यांपूर्वी मुलं तिच्या ताब्यात दिली होती, ती एका अटीवर. राहण्याची जागा पक्की हवी. पुढच्या महिन्यात समितीच्या मॅडम बघायला येणार होत्या. पत्ता गेला तर मुलं परत बालगृहात.

म्हणजे त्या खोलीत हे घर टिकण्याची सगळ्यात जास्त गरज तिलाच होती. आणि खोटं नको म्हणाली तीच. निलिमाताईंनी हातातली नोटीस घडी करून पर्समध्ये ठेवली. मला बरं वाटलं, कारण आता मला कोणाला समजवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मशिनं घेऊन गेलो. इमारतीला सोळा खांब. प्रत्येकाची टेस्ट करायची ठरवली.

पहिली टेस्ट रिबाउंड हॅमरची. स्प्रिंगचा हातोडा काँक्रीटवर दाबायचा. तो किती उसळून मागे येतो त्यावरून वरचा थर किती कडक आहे ते कळतं. दुसरी अल्ट्रासॉनिक. खांबाच्या एका बाजूने आवाजाची लहर सोडायची आणि पलीकडे किती वेळात पोचते ते मोजायचं. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, त्यातलंच हे शास्त्र. आत भेगा असतील तर लहर रेंगाळते. तिसरी टेस्ट मुलांना फार आवडली. काँक्रीटला छोटं भोक पाडायचं आणि आत एक द्रव फवारायचा. काँक्रीट निरोगी असेल तर ते गडद गुलाबी होतं. हवेने खराब झालं असेल तर रंग येतच नाही आणि आतली सळई गंजायला मोकळी होते.

पुढचे खांब एकामागून एक गुलाबी होत गेले. मुलं प्रत्येक वेळी ओरडत होती. मी ओरडले नाही, पण वहीत आकडे लिहिताना हात हलका झाला होता. दुपारपर्यंत बारा खांब झाले. बाराही चांगले. त्या काळच्या कोण्या मिस्त्रीने मन लावून काम केलं होतं.

मागचे तीन खांब अपेक्षेप्रमाणे खराब निघाले. पण दुरुस्त होण्यासारखे. उरला अकरा नंबरचा, बाथरूमच्या मागचा. त्याचं प्लास्टर मात्र गुळगुळीत, रंग ताजा. आधीच्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता. वरवर बघता मागच्या ओळीतला सगळ्यात चांगला खांब.

मंगल त्या दिवशी कामावर गेली नव्हती. सकाळपासून आमच्या मागे मागे होती.

"बाई, ह्यो नीट बघा," ती म्हणाली. "हे प्लास्टर मागाहून मारलंय. वाळूच येगळी आहे. आन् पावसाळ्यात हितून लाल पाणी येतंय."

"लाल?"

"गंजाचं. मी रोज फरशी पुसते की."

आम्ही प्लास्टर फोडलं. मागे हातोड्याचा एक घाव घालताच काँक्रीट चिक्कीसारखं तुटून हातात आलं. आतल्या सळया बोटाएवढ्या असायला हव्या होत्या, त्या सुतळीएवढ्या झालेल्या. दोन तर तुटलेल्याच. वर दोन मजल्यांचा भार, आणि हा खांब सवयीने उभा होता.

आदल्या दिवशी मी ताईंना आकडा इमारत ठरवते म्हणाले होते, आणि मनातल्या मनात सी-टू-बी लिहूनही टाकलं होतं. मंगल तिथे नसती तर त्या गुळगुळीत प्लास्टरवर हातोडा मारून मी पुढे गेले नसते असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. टेस्ट तीन ठिकाणी घेतात. तिन्ही जागा कदाचित चुकल्या असत्या.

तासाभरात आम्ही मागची पूर्ण ओळ रिकामी केली. संध्याकाळपर्यंत लोखंडी प्रॉप आले. प्रॉप म्हणजे टेकू. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकावर एक लावत गेलो, म्हणजे भार खांबाऐवजी टेकूंवरून जमिनीत जाईल. स्वयंपाकघर पुढे हलवलं. संडास-बाथरूम बंद.

भोईर काकांच्या बायकोने स्वतःच्या घराचं मागचं दार उघडून दिलं. "वापरा आमची मोरी. मानसांनी जावं तरी कुठं?" त्या दिवसापासून घरातल्या बायका आणि मुलं रांग लावून भोईरांच्या मोरीत आंघोळ करत होती. काका बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसायचे. त्यांची भीती कमी झाली होती असं नाही. पण आता निदान ती कशाची ते त्यांना ठाऊक होतं.

सगळ्यांना मात्र हे झेपलं नाही. कविता नावाची एक बाई होती. खांब फोडलेला पाहिला आणि त्याच संध्याकाळी मुलाला घेऊन मोहने गावात वहिनीकडे निघून गेली. "हे पण घर जाणारच," एवढंच बोलली. निलिमाताईंनी अडवलं, ती थांबली नाही. पंधरा दिवसांनी परत आली तेव्हा प्यायलेली होती. तिला पुन्हा केंद्रात जावं लागलं. मुलगा मधल्या काळात निलिमाताईंकडे राहिला. घराचा नुसता संशय आला तर काय होतं ते मी तेव्हा पाहिलं.

आता रिपोर्ट. बारा खांब चांगले, तीन मध्यम, एक गेलेला. मागची ओळ टेकूंवर सुरक्षित. मी सी-टू-बी लिहिलं. अट घातली: मागचा भाग बंद, दुरुस्ती टप्प्याटप्प्याने, टेकू रोज तपासायचे.

एका इमारतीचे दोन रिपोर्ट परस्परविरोधी आले की पालिकेची तांत्रिक समिती निर्णय देते. तोपर्यंत नोटिशीवर कारवाई थांबते. समितीत कदम साहेब होते. पालिकेत अनेक वर्षं काढलेले, कोरडे, सरळ. माझं त्यांच्याशी पूर्वीही दोन-तीनदा वाजलेलं.

"मॅडम, एक खांब पूर्ण गेलाय असं तुम्हीच लिहिलंय. आणि माणसं आत ठेवा असंही तुम्हीच लिहिलंय."

"माणसं पुढच्या भागात आहेत. तिथला एकही खांब खराब नाही."

"सोशल वर्क आणि स्ट्रक्चर वेगळं ठेवायचं असतं."

"ठेवलंय. रिपोर्टमध्ये बायका-मुलांचा एक शब्द सापडला तर दाखवा."

त्यांनी खरंच पानं उलटली. नव्हता.

"साइटवर येतो," ते म्हणाले.

दोन दिवसांनी आले. तिन्ही मजले फिरले, टेकूंना हात लावून बघितले. मग पुढच्या भागात चार नंबरच्या खांबाशी थांबले.

"तुमच्या मशिनवर माझा विश्वास आहे. पण कोर हवा. आणि तो मी सांगेन तिथून. इथून काढा."

कोर म्हणजे खांबातून मशिनने काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा. तो लॅबमध्ये मोडेपर्यंत दाबतात आणि किती भार सोसला ते बघतात. ह्या टेस्टशी कोणी वाद घालत नाही. कदम साहेबांनी बरोबर जिन्याच्या खालचा, सगळ्यात जास्त भार असलेला खांब निवडला होता. त्यांच्या जागी मीही तोच निवडला असता.

लॅबचा रिझल्ट येईपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मंगलने एकदाच फोन केला.

"बाई, आला का?"

"नाही अजून."

"बरं." आणि ठेवून दिला.

रिझल्ट आला. त्या काळच्या काँक्रीटने दर चौरस मिलिमीटरला पंधरा न्यूटन भार सोसावा अशी अपेक्षा असते. आमचा तुकडा अठराला मोडला. मी कागद घेऊन कदम साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी दोनदा वाचला.

"जुन्या माणसांनी सिमेंट खाल्लं नव्हतं," ते म्हणाले, आणि सी-टू-बीवर सही केली. "पण अकरा नंबरचा खांब पहिला. आणि जबाबदारी तुमची."

"लेखी देते."

"द्याच."

ही बातमी सांगायला मी फोन केला नाही. रिक्षा केली. जिन्यात मंगल भांडी घेऊन खाली येत होती. मी सांगितलं. तिने भांडी तिथेच पायरीवर ठेवली आणि वर पळत सुटली. वरून जो आवाज आला तो ऐकून भोईर काका घराबाहेर आले आणि ओरडले, "पडली का गो?"

दुरुस्तीचा खर्च ट्रस्टने आणि काकांनी मिळून उचलला. मागच्या चारही खांबांना जॅकेटिंग करायचं होतं. म्हणजे खराब काँक्रीट काढायचं, नव्या सळया बांधायच्या आणि खांबाभोवती काँक्रीटचं नवं कवच ओतायचं. त्यानंतर येतं क्युरिंग. नव्या काँक्रीटवर दिवसांमागून दिवस पाणी मारत राहायचं. ते वाळलं तर कमजोर होतं. सोपं काम आहे, आणि आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त चुकवलं जाणारं. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस दिवसातून एकदा पाइप फिरवतो आणि निघून जातो.

मंगल म्हणाली, "पाण्याचं आमच्याकडं द्या."

सहा बायकांनी वेळा वाटून घेतल्या. कामावर जाणाऱ्या पहाटे आणि संध्याकाळी, दुपारी घरात असेल ती. खांबांना गोणपाटं गुंडाळली आणि ती एकदाही वाळू दिली नाहीत. मी अधूनमधून न कळवता जायचे. गोणपाट दरवेळी ओलं. शिंदे फोरमन पंचवीस वर्षं या कामात आहे. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, ह्या बायका मला झोपू देत नाहीत. काल एकीने फोन करून विचारलं, पाणी जास्त झालं तर चालतं का."

"मग काय सांगितलंस?"

"चालतं म्हटलं. माझ्या जन्मात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता."

बालकल्याण समितीच्या मॅडम मुलांना बघायला आल्या तेव्हा दुरुस्ती निम्मी झालेली. सगळीकडे धूळ, टेकू, सळया. निलिमाताईंनी मलाही बोलावून घेतलं होतं. मॅडमनी भोवती बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही जागा पक्की म्हणायची?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मंगलच बोलू लागली. कोणत्या खांबाला काय झालं होतं, टेकू कशाला, भार कुठून कुठे जातो, कुठला भाग बंद आहे आणि का, पालिकेची सही कुठे आहे. पाच मिनिटं. माझ्या ज्युनिअर इंजिनिअरांना इतकं मुद्देसूद सांगता येत नाही. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुम्ही राहता ती बिल्डिंग कोणी अशी तपासली आहे का?"

मॅडम हसल्या. मुलं मंगलकडेच राहिली.

काम संपल्यावर आम्ही पुन्हा सगळ्या टेस्ट घेतल्या. नव्या कवचाचे आकडे अपेक्षेपेक्षा चांगले आले. शिंदेला ते पटेना, म्हणून त्याच्यासमोर परत घेतले. तेच आले. पालिकेने नोटीस मागे घेतली. संडास-बाथरूम उघडले त्या दिवशी भोईर काकूंनी सगळ्यांना तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण जेवायला घातलं. कविता तोपर्यंत केंद्रातून परत आली होती. तिचा मुलगा तिच्या मांडीवर बसून जेवला.

शिंदेने मंगलला आपल्या गँगमध्ये घेतलं. घमेली उचलायला नाही, क्युरिंगवर आणि फोडलेल्या काँक्रीटवर नजर ठेवायला. काही महिन्यांनी ती मुलांना घेऊन टिटवाळ्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. त्याआधी तिने दोन खोल्या नाकारल्या. एकीत छताला ओल होती, दुसरीत बीमला तडा. घरमालकाने बाईला नाकारलं हे निलिमाताईंनी अनेकदा ऐकलं होतं. बाईने घरमालकाला नाकारलं हे पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते त्यांनी आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाला सांगितलं.

माझ्या ऑडिटच्या फॉर्ममध्ये मी तेव्हापासून एक रकाना वाढवला आहे: 'घरात फरशी कोण पुसतं? त्यांनी काय पाहिलं?' ज्युनिअर मंडळी सुरुवातीला हसतात आणि रकाना कोरा ठेवतात. मी फॉर्म परत पाठवते.